उणे दोन

(द्वितीय वर्ष कला)

"अहो, तुम्ही आर्ट्सवाले, तुम्हाला कशाला हवे ते लिनक्स?" असे म्हणत दुकानदाराने माझे वायफायचे डोंगल काउंटरवर ठेवले. "हे गेलेय. नवे घ्या, नाही तर विंडोज टाकून देतो." नवे डोंगल म्हणजे आमच्या घरी एका माणसाची दिवसभराची मजुरी. मी डोंगल खिशात घालून परत आलो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा सुचले नाही, ते येथे देतो.

संगणक जुना, एका कचेरीतून मोडीत निघालेला. विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसत नाही. म्हणून लिनक्स घातले. (हेलसिंकीच्या ज्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले, तो तेव्हा २१ वर्षांचा होता!) सारे ठीक चाले, फक्त संगणक सुरू केला की डोंगलचा दिवा लागत नसे. काढून पुन्हा खोचले की लागे. मोडलेली वस्तू अशी काढून घातल्याने बरी होते काय? शंका तेथेच यायला हवी होती.

लिनक्स सुरू होताना आपल्या कामाची ओळीओळीने नोंद ठेवते. टर्मिनलवर 'डीएमईएसजी' ही पाच अक्षरे टाईप केली, की ती नोंद समोर येते. त्या शेकडो ओळींत एक ओळ सापडली. तिचा आशय असा, की डोंगलचे फर्मवेअर उचलता आले नाही. चूक क्रमांक उणे दोन. उणे दोन म्हणजे 'अशी फाईल नाही'. शोधतो तर फाईल डिस्कवर जागच्या जागी! पुढे उलगडा झाला. संगणक आधी 'इनिटरॅमएफएस' नावाचे एक छोटे गाठोडे मेमरीत सोडतो आणि मुख्य डिस्क मागाहून जोडतो. डोंगलचा ड्रायव्हर त्या गाठोड्यातूनच जागा होई, लगेच फर्मवेअर मागे, आणि डिस्क तर अजून जोडलेलीच नसे. पहाटेच्या एस. टी. ने तालुक्याला गेलेल्या माणसाने कचेरीला कुलूप पाहून 'कागद नाही' म्हणत परतावे, तशातली गत. डोंगल पुन्हा खोचेपर्यंत कचेरी उघडलेली असे, इतकेच. फर्मवेअर गाठोड्यात घातले, गाठोडे नव्याने बांधले, दिवा लागला. खर्च काही नाही, दोन संध्याकाळी मात्र गेल्या.

कित्येकांची फाईल खरोखरच नसते, कारण अनेक कंपन्या फर्मवेअर बंदिस्त ठेवतात. डेबियन या लिनक्सच्या मंडळींनी २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीत देण्याचे ठरविले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. तत्त्वाला हा मुरड घालणेच आहे. तरी मला ते पटते. फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला फर्मवेअर, हा पेच दुसरे साधन नसलेल्यालाच छळतो. (मोबाईल केबलने जोडून त्याचे इंटरनेट तेवढ्यापुरते घेता येते.)

आता सांगा, यात विज्ञान किती आणि वाचन किती? कवितेच्या एका ओळीवर आपण अख्खा तास घालवतो. पण यंत्र स्वतःचे दुखणे लिहून देते, ती ओळ न वाचताच दुकान गाठतो. 'एरर' शब्द दिसला, की चूक आपलीच झाली असे आमच्यासारख्यांना वाटते. घरात पूर्वी कोणी असला कागद वाचलेला नसतो ना! शिवाय हे संदेश इंग्रजीत येतात. पण गीतेचा अर्थ मराठीत सांगण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये झाले. मग उणे दोनचा अर्थ मराठीत लिहिण्याचा संकोच कला शाखेने का करावा?

माझी मागणी साधी आहे. संगणक कक्षात एक वही ठेवावी. ज्याला जो बिघाड भेटला, त्याने ती ओळ, तिचा अर्थ आणि उपाय मराठीत लिहावा. पहिले पान मी लिहून तयार ठेवले आहे. वही मात्र टेबलाला दोरीने बांधावी. तेथली पेने कशी नाहीशी होतात, ते सर्वांना ठाऊक आहे.