पतनोंदीचा पहारा कोणी करायचा?

एकाच्या पॅन क्रमांकावर दुसराच इसम कर्ज उचलतो आणि थकबाकीदाराचा शिक्का मात्र निरपराध माणसाच्या कपाळी बसतो. २००५ च्या कायद्याखाली देशात चार कंपन्या नागरिकांच्या कर्जांची नोंद ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देय ठरते. हा हक्क प्रत्येकाने बजावावा. अनोळखी कर्ज दिसताच लेखी तक्रार करावी. परंतु ओळख न पडताळता कर्जे वाटणाऱ्यांनी नफा कमवायचा आणि पहारा कष्टकऱ्याने करायचा, हा न्याय नव्हे. कर्ज खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने धनकोवरच टाकली पाहिजे.