मृगाच्या आत एकदा बांधामागे उतरा

सातारा-सांगलीकरांनो, मृग तोंडावर आला आहे. त्याआधी एक काम करा. रविवारी पोरांना घेऊन ज्या तलावावर जाता, कणीस खाता, होडीत बसता, त्याच्या बांधाच्या मागच्या बाजूला एकदा उतरून या. पाण्याच्या बाजूला सगळेच उभे राहतात. मातीच्या धरणाचं दुखणं मात्र मागे, पायथ्याशी दिसतं आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

हे तलाव माणसाने बांधलेत, हे आपण विसरूनच गेलो आहोत. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या राजांनी 1842 मध्ये करवून घेतला. कासचा सातारा शहराच्या पिण्यासाठी झाला, मायणीचा ब्रिटिश अमदानीत शेतीसाठी. आज एकीकडे नौकाविहार, दुसरीकडे फुलांच्या हंगामातली झुंबड, तिसरीकडे रोहित पक्षी बघायला आलेली मंडळी. या तिन्ही तलावांना धोका आहे असं मी म्हणत नाही. नावाजलेल्या पाण्याकडे निदान कोणाचं तरी लक्ष असतं. माझा जीव तुटतो तो माण, खटाव, आटपाडी, जत, शिराळ्याकडच्या लहान तलावांसाठी. गावाने हौसेने तिथे बाकडी मांडली, झोपाळे टांगले, एखादी होडी आणली. भरावाकडे कोण बघतं?

कायदाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरमधली धरणं लांबी, साठा अशा अटींत बसली तरच त्यात येतात. त्याहून बुटका बांध या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. पण त्याच्याखाली वस्ती असेल तर त्या वस्तीला त्याची उंची मोजून काय करायचंय?

आता बघायचं काय ते सांगतो. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्याने घाबरू नका. पाणी नितळ आहे की गढूळ, हे बघा. नितळ पाणी नुसतं पाझरतं. गढूळ पाणी आतली माती घेऊन निघालेलं असतं. एकदा माती निघू लागली की आत पोकळी होते, पोकळीतून पाण्याला वाट मिळते आणि मग भगदाड पडायला वेळ लागत नाही. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या, नळाभोवती विशेष बघा, कारण माती आणि बांधकाम जिथे भेटतात तिथेच पाणी वाट शोधतं. माथ्यावर बांधाच्या लांबीने गेलेली भेग, मध्येच खचलेला भाग, ढासळलेलं दगडी पिचिंग, उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळं, भरावात रुजलेली बाभूळ, पिंपळ, वड, सगळं टिपून घ्या. मोठं झाड स्वतः मात्र तोडू नका. मूळ कुजलं की त्याच्या जागी पाण्याची नळीच तयार होते. ते काम अभियंत्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आणि जादा पाणी जिथून बाहेर पडतं तो सांडवा! एका तलावावर मी स्वतः पाहिलंय: होड्यांना पाणी पुरावं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचली होती. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सांडवा अडला की पाणी बांधावरून जातं. दगडी धरणावरून पाणी गेलं तरी ते बहुधा तगतं. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की तो काही तासांत कापला जातो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. असा पाऊस पुन्हा येईल तेव्हा पोती उचलायला कोणाला सवड मिळणार आहे? सांडव्यातली पोती, फळ्या, गाळ, टपऱ्या आजच हलवा.

तिवरे आठवा. चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यांनी पाहिलं होतं, सांगितलंही होतं. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. फोटो काढा, तारीख घाला, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना आणि जलसंधारण विभागाला पाठवा, पोच घ्या. ग्रामसभेत विचारा: हा बांध कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली, पाऊस चढला की रात्री राखण कोण करणार? आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा जा, जास्त माणसं घेऊन जा.

आपल्या तालुक्यात तलाव नाही म्हणून सांगलीकरांनी हे वाचून बाजूला ठेवू नये. मायणीचं पाणी येरळेला जातं, येरळा ब्राह्मणाळला कृष्णेला मिळते. वेण्णा माहुलीला कृष्णेत येते. बांध एका जिल्ह्यात असतो आणि पाणी दुसऱ्याच्या दारात येतं.

सहलीला येणाऱ्यांना हात जोडून विनंती: बांधाच्या माथ्यावर गाड्या चढवू नका, पिचिंगचे दगड चुलीला घेऊ नका, भर पावसात सांडव्यात उतरू नका. पायथ्याशी गढूळ पाणी जोराने येताना दिसलं तर फोटो काढत थांबू नका. खालच्या वस्तीला आधी उठवा, उंचावर न्या आणि 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 वर कळवा. बातमी खोटी ठरली तर ठरू दे.

जमलं तर उद्या सकाळीच जा. गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला सोबत घ्या, पूर्वी कुठे ओल नव्हती ते त्याला ठाऊक असतं. आणि हातात काठी ठेवा, वाळल्या गवतात साप असतात.