कधी भेटला होतात का त्यांना?

गेले तीन दिवस हा प्रश्न आपल्या भागात फार ऐकू येतोय. बुधवारी, 9 ऑक्टोबरला रात्री रतन टाटा गेल्याची बातमी आली आणि सकाळपर्यंत ताथवड्यापासून भोसरीपर्यंत ज्याच्या त्याच्या स्टेटसवर एकच चेहरा. मग दुपारी दुसरी बाजू सुरू झाली. "तू कधी भेटला होतास का? टाटा तुला ओळखत होते का? शेजारी कोण मेलं ते माहीत नाही आणि निघालाय उद्योगपतीसाठी रडायला."

प्रश्न कडू आहे, पण फालतू नाही. म्हणून जरा शांतपणे बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे न भेटलेल्या माणसासाठी वाईट वाटणं हे काही मोबाईल आल्यावर सुरू झालेलं खूळ नाही. मावळ-मुळशीच्या पट्ट्यात दहाव्याला कोण कोण जातं ते आठवा. नात्यातला असतोच, पण मयताला आयुष्यात एकदाही न पाहिलेला माणूसही सकाळी सात वाजता घाटावर हजर असतो. का? तर त्याच्या गावाचं आपल्या गावाशी येणं-जाणं असतं, त्याच्या भावानं आपल्या चुलत्याला कधी बैलं दिलेली असतात. ओळख माणसाशी नसते, त्या माणसानं आपल्या आयुष्यात नकळत जे काही घातलं त्याच्याशी असते.

आता टाटांचं आणि आपलं येणं-जाणं बघा. 1966 च्या आसपास टेल्कोचा पुण्याचा कारखाना आपल्याकडे उभा राहिला. तेव्हा इथे काय होतं? माळरान, ज्वारी-बाजरी आणि पवनेच्या काठची थोडी बागायत. त्यानंतर तीस-चाळीस वर्षं "पोरगा टेल्कोत आहे" एवढं एक वाक्य सोयरीक जुळवायला पुरायचं. मुलीचा बाप पुढचं विचारायचाच नाही. त्या पगारावर बँकेनं कर्ज दिलं, त्या कर्जावर खोल्या झाल्या, त्या खोल्यांच्या भाड्यावर पुढची पिढी इंजिनिअर होऊन हिंजवडीला गेली. जे टेल्कोत नव्हते ते टेल्कोचं काम करणाऱ्याकडे होते. कुणी भोसरीत लेथवर, कुणी चिखलीत प्रेसशॉपला, कुणी टेम्पोवर.

आणि इंडिका. जानेवारी 1998 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली, वर्षअखेरीस बाजारात आणली आणि बुकिंग लाखाच्या वर गेलं. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजानं आणला आणि इथे पुन्हा जोडला. जोडणारे हात कुणाचे? आपल्याच गल्लीतल्या माणसांचे. सुरुवातीला गाडीच्या तक्रारी आल्या, 2000-01 ला कंपनीचा तोटा 500 कोटींवर गेला, लोक हसले. त्यातून ती लाइन चालू राहिली. म्हणजे परवा टीव्हीवर वरळीची स्मशानभूमी दाखवत असताना पिंपरीतला एखादा रिटायर माणूस डोळे पुसत असेल, तर तो फक्त टाटांसाठी पुसत नाही. त्याची पंचविशी-तिशी त्यात आहे. फर्स्ट शिफ्टचा भोंगा आणि कंपनीची बस त्यात आहे. पहिल्या पगारात आईला घेतलेली साडीसुद्धा आहे. ते दुःख खरं आहे. त्याला "भेटला होतात का" विचारणं म्हणजे त्याला त्याचं स्वतःचं आयुष्य नाकारणं झालं.

इथपर्यंत मी रडणाऱ्यांच्या बाजूनं. आता पुढचं.

खरं दुःख असेल तर ते माणूस पुरा आठवतं. परवापासून जे वाचायला मिळतंय त्यात टाटा म्हणजे कुणी देवमाणूस, कधी कुणाशी वाकडं नाही, कधी वाद नाही. असं नव्हतं हो. 1988 च्या शेवटी ते टेल्कोचे चेअरमन झाले आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे राजन नायर यांच्या युनियनशी कंपनीचा जो संघर्ष पेटला, तो या औद्योगिक पट्ट्यातला सगळ्यात मोठा संघर्ष. सप्टेंबर 1989 मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी बेमुदत उपोषणाला बसले. शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं आणि आंदोलन मोडलं. कोण बरोबर होतं यावर आजही चहाच्या टपरीवर दोन तट पडतात, आणि पडू देत. पण ती गोष्ट पुसायची नाही. या पट्ट्यात त्यानंतर कामगारानं मान किती वर करायची आणि मालकानं किती ऐकायचं, याचा हिशोब त्या सप्टेंबरनं बदलला.

आमच्याकडचे एक काका त्या उपोषणाच्या वेळी शनिवारवाड्यावर होते. परवा ते एवढंच म्हणाले, "भांडण होतं ते होतं. माणूस गेला की वाईट वाटतंच की." मला ही श्रद्धांजली सगळ्या फॉरवर्डपेक्षा मोठी वाटली. भांडण लपवलं नाही आणि दुःखही लपवलं नाही. ज्याच्याशी आपण भांडलो त्याच्यासाठी वाईट वाटणं यात काही विसंगती नाही. पण ज्याच्याशी कुणी भांडलंच नाही असा माणूस तयार करून त्याला हार घालणं, हे मात्र खोटं आहे.

आणि फॉरवर्ड तर विचारूच नका. फोर्डनं केलेल्या अपमानाची गोष्ट प्रत्येक ग्रुपवर तीनदा आली, तिन्ही वेळा संवाद वेगळे. गंमत बघा, एप्रिल 2020 मध्ये खुद्द टाटांनाच जाहीर सांगावं लागलं होतं की कोरोना आणि अर्थव्यवस्थेवरचा जो मजकूर माझ्या नावानं फिरतोय तो मी बोललोही नाही आणि लिहिलाही नाही. जिवंतपणी त्यांनी हात जोडून नको म्हटलेलं आपण ते गेल्यावर दुप्पट करतोय. त्यापेक्षा जे घडलं ते सांगा ना. जानेवारी 2021 मध्ये पुण्यातल्या एका आजारी माजी कर्मचाऱ्याला भेटायला ते मुंबईहून आले होते, गाजावाजा न करता. तेव्हा वय 83. हे पुरेसं आहे. त्याला मीठमसाला लागत नाही.

फ्लेक्सबद्दल एकच ओळ. विधानसभा तोंडावर आहे, त्यामुळे सर्व्हिस रोडला लागलेल्या फ्लेक्सवर टाटा वरच्या कोपऱ्यात आणि 'शोकाकुल' साहेब हात जोडून मधोमध. मयत कोण तेच कळेना.

आता तो कडू प्रश्न परत घेऊ, कारण त्यातलं एक वाक्य मला टोचतंय. "शेजारी कोण मेलं ते माहीत नाही."

8 डिसेंबर 2023. तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणारं एक बेकायदा युनिट. आग लागली आणि आत काम करणाऱ्या बाया होरपळल्या. काही जागेवर गेल्या, काही नंतर हॉस्पिटलात एकेक करून गेल्या, आकडा दहाच्या वर गेला. आपल्याच महापालिकेच्या हद्दीत. त्यातलं एक तरी नाव आठवतंय? किती जणांनी स्टेटस ठेवलं होतं? वर्षही झालं नाही अजून.

टाटांसाठी राज्य सरकारनं एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला, ते योग्यच झालं. त्या बायांसाठी साधा महिनाभराचा प्रश्नसुद्धा टिकला नाही. मला कुणाचं दुःख कमी करायचं नाही. एका मोठ्या माणसासाठी रडलात म्हणून तुम्ही ढोंगी होत नाही. पण ज्या कामगार-मालक नात्याचं आपण टाटांच्या नावानं कौतुक करतोय, ते नातं तळवड्याच्या त्या शेडमध्ये औषधालाही नव्हतं. मग आपण नक्की कशाला श्रद्धांजली वाहतोय?

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घरचे काय करतात ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं सांगतं, "धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका." चार लोकांत दिलेला शब्द असतो तो, नंतर मागे फिरता येत नाही. टाटांचा धर्म वेगळा, रीत वेगळी, पण शब्द द्यायची ही पद्धत आपली आहे. तर आपण काय शब्द देणार?

मी तीन सुचवतो. खंडेनवमीला बऱ्याच वर्कशॉपमध्ये यंदा मशीनवरच्या झेंडूशेजारी टाटांचा फोटो होता. ज्यांनी तो लावला त्यांनी त्याच शेडचं मागचं दार उघडं आहे का, आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे का, एवढं सोमवारी बघावं. दुसरं, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिना 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय हा उपकार नाही, कायदा आहे. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना त्यांचं कार्ड मिळालंय का ते विचारा. आणि तिसरं, येत्या 8 डिसेंबरला तळवड्याच्या त्या बायांसाठी पाच मिनिटं काढा. त्यांनाही आपण कधी भेटलो नव्हतो.

आज दसरा. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.