पुढच्या भागांत काय हवें?

कथा संपली कीं "पुढें काय झालें?" असें विचारणें हा मनुष्याचा स्वभावच आहे. आजीच्या मांडीवरील मूल हेंच विचारतें, आणि जळगांव-धुळ्याच्या घरांतून मोबाइलवर किंवा संगणकावर अद्भुत साहसांचे खेळ खेळणारा विद्यार्थीहि हेंच विचारतो. भेद इतकाच कीं, भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांत ऐकणारा स्वतःच नायक होतो. शरण आलेल्या शत्रूस सोडावें कीं मारावें, सोबत्यास दिलेलें वचन पाळावें कीं मोडावें, हें त्यानेंच ठरवावयाचें असतें. म्हणून अशा खेळाचा उत्तरभाग निघणार असें कळतांच खेळाडू आपापल्या मागण्या मांडूं लागतात. कित्येक पालकांस ही चर्चा रिकामटेकडेपणाची वाटते. आमचें मत निराळें आहे. मूल पुढच्या भागांत काय मागतें, ह्यावरून त्याच्या मनाची घडण कळते.

जवळचेंच उदाहरण घेऊं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा साहसाचा खेळ काढला. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधास निघालेली राजी ही त्याची नायिका. २०१७ सालीं लोकवर्गणीनें भांडवल उभारण्याचा ह्या मंडळीचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. पुढें 'द गेम अवॉर्ड्स' ह्या जागतिक समारंभांत २०२० च्या सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठीं निवडलेल्या पांच खेळांत त्याचें नांव आलें. चित्रांची वाहवा झाली. परंतु खेळ थोडक्या तासांत संपतो आणि शेवट अकस्मात् येतो, अशी तक्रारहि पुष्कळांनीं केली. २०२५ सालीं 'राजी: कलियुग' हा उत्तरभाग जाहीर झाला, तेव्हां त्या तक्रारींस पुन्हां महत्त्व आलें.

खेळाडूंच्या मागण्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग 'अधिक द्या' म्हणणारांचा: नकाशा मोठा हवा, शस्त्रें पुष्कळ हवींत, चित्रें झगझगीत हवींत. हा आवाज सर्वांत मोठा. पण ह्या मागणीस अंत नाहीं. दहा राक्षस मारून जो कंटाळला, तो शंभर मारून तृप्त होईल असें नाहीं.

दुसरा वर्ग म्हणतो, 'अपुरें राहिलें तें पुरें करा.' ही मागणी न्याय्य आहे, पण ती विवेकानें करावी. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत वडील भाऊ शेवटीं घरांत गेला कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. तो प्रश्न ऐकणाराच्या अंतःकरणांत ठेवला. अशी कथा अपुरी नव्हे. प्रश्न उघडा ठेवणें निराळें आणि कथा मध्येंच तोडणें निराळें.

तिसरा वर्ग म्हणतो, 'आम्हीं पूर्वीं जें केलें त्याची आठवण ठेवा.' 'बाल्डर्स गेट' ह्या १९९८ सालच्या खेळांत घडविलेला आपला नायक खेळाडूस २००० सालच्या दुसऱ्या भागांत नेतां येतो. 'द विचर' ह्या २००७ सालच्या खेळांतील कांहीं निर्णयांचे पडसाद २०११ च्या दुसऱ्या भागांत उमटतात. आमच्या मतें हीच मागणी सर्वांत मोलाची.

ती कांहीं आजची नव्हे. जॉन बनयन ह्याचें 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' १६७८ सालीं प्रसिद्ध झालें. हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं तें 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें मराठींत आणलें. मूळ पुस्तक इतकें लोकप्रिय झालें कीं, भलत्याच लेखकानें त्याचा दुसरा भाग काढला. बनयननें आपला दुसरा भाग १६८४ सालीं दिला. त्यांत त्यानें जुन्या यात्रेकरूस पुन्हां वाटेस लावलें नाहीं. पूर्वीं मागें राहिलेली त्याची पत्नी आणि चार मुलगे ह्यांस त्याच वाटेनें नेलें, आणि जेथें तो यात्रेकरू झुंजला होता तेथें त्या झुंजीच्या खुणा त्यांस दाखविल्या. वाट जुनी, चालणारे नवे, आणि झाल्या गोष्टीचा विसर नाहीं!

विद्यार्थिमित्रहो, खेळानें आपल्या कृत्याची आठवण ठेवावी असें ज्यास वाटतें, तो नकळत न्यायच मागत असतो. मग त्यानें स्वतःहि एक नियम पाळावा. निर्णयाचें फळ कडू लागलें कीं, पूर्वीं जतन केलेल्या जागेवर परत जाऊन तो निर्णय पुसून टाकण्याची खोड पुष्कळांस असते. ती टाकावी, आणि चुकलेल्या निर्णयासह खेळ पुढें न्यावा. आयुष्यांत मागें जाण्याची सोय नाहीं. पश्चात्ताप आहे, क्षमा आहे. पण त्या दोहोंची वाट पुढेंच जाते.

पालकांनीं झोंप, डोळे आणि अभ्यास ह्यांसाठीं वेळेची मर्यादा अवश्य घालावी. तथापि मर्यादा घालणें म्हणजे तिरस्कार करणें नव्हे. एखाद्या संध्याकाळीं मुलाजवळ बसून विचारावें, "पुढच्या भागांत तुला काय हवें, आणि कां?" तो केवळ मोठी तलवार मागेल, तर बोलण्यास तेथूनच आरंभ करावा. तो सोडून दिलेल्या शत्रूचें पुढें काय झालें असें विचारील, तर त्याच्या हातीं वही द्यावी. लळिंगचा किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, उनपदेवचा ऊन पाण्याचा झरा, सातपुड्याच्या वाटा आणि अहिराणी बोलणारीं पात्रें एवढें साहित्य आमच्या खानदेशांत तयार आहे. तें गुंफणारा आज आमच्याच एखाद्या वर्गांत बाकावर बसलेला असेल.