आकडा आहे हो, पण कशाचा?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मामीचा फोन. "अरे, ह्यांचा व्हायरस पाचपट वाढलाय! आता काय करायचं?"

मामाची किडनी बदलून चार महिने झालेत. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात. नेमकं तेव्हाच सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) डोकं वर काढतो. एरवी तो आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निवांत झोपलेला असतो. म्हणून पीसीआर करून रक्तात त्याचा डीएनए किती आहे ते मोजत राहायचं.

आधीचा रिपोर्ट 800, हा 4,100. दोन्ही मागवून घेतले. पहिला नेहमीच्या लॅबचा: प्लाझ्मा, आययू प्रति मिली. दुसरा घराजवळच्या लॅबचा (घरी येऊन रक्त नेतात, सोयीचं!): होल ब्लड, कॉपीज प्रति मिली. होल ब्लडमध्ये पेशींमधला डीएनएही मोजला जातो, त्यामुळे आकडा बहुधा मोठाच येतो. नमुना वेगळा, एकक वेगळं, किट वेगळं. मग तुलना कसली करताय? लॅबला फोन केला तर म्हणे, "सर, आमचं मशीन इंपोर्टेड आहे." च्यायला, म्हणजे आपलंच ते 'माझ्या मशीनवर तर चालतंय'!

ही भानगड जुनी आहे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या 33 प्रयोगशाळांना सीएमव्हीचे एकसारखे नमुने देऊन केलेली तुलना 2009 साली प्रसिद्ध झाली. एकाच नमुन्याच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या उत्तरात किमान शंभरपट, काही नमुन्यांत तर हजारोपट फरक! 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय मानक ठरवलं. एका कुपीत 50 लाख आययू, त्यावरून सगळ्यांनी आपापली टेस्ट जुळवून घ्यायची. आययू आले ते इथून. फरक कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून तज्ज्ञ सांगतात: एकाच पेशंटची टेस्ट एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा, आणि तिपटीपेक्षा कमी चढउतार फार मनावर घेऊ नका.

आणि ते 'नॉट डिटेक्टेड'! समजा मिलीमागे व्हायरसचे 10 रेणू आहेत आणि मशीनपर्यंत 0.2 मिलीतलाच डीएनए पोचतो. म्हणजे सरासरी 2 रेणू. पण इंजिनिअरिंगला शिकलेलं पॉयसाँ आठवा: सुमारे 13.5 टक्के वेळा त्यात एकही रेणू येणार नाही. मशीन कितीही भारी असो, जे आत गेलंच नाही ते सापडणार कसं? म्हणूनच टेस्टचं मूल्यमापन करताना विरळ नमुने पुन्हापुन्हा तपासतात. ज्या पातळीला 95 टक्के वेळा व्हायरस सापडतो, ती तिची शोधमर्यादा. ती छापली नसेल, तर 'नॉट डिटेक्टेड' हे अर्धवट वाक्य आहे.

आता कोणी म्हणेल, पेशंटला काय करायचंय हे, डॉक्टर बघतील की. अहो, पण डॉक्टरांसमोरही तोच कागद असतो ना! व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सुरू केलं तर पांढऱ्या पेशी घसरू शकतात. नाही दिलं आणि व्हायरस खरंच वाढत असला, तर किडनीही धोक्यात आणि माणूसही. एवढा मोठा निर्णय त्या आकड्यावर घ्यायचा, आणि तो कशाचा आहे तेच स्पष्ट नाही?

माझी मागणी साधी आहे. रिपोर्टवर चार गोष्टी ठळक छापा: नमुना, किट, एकक, शोधमर्यादा. आणि किट बदलताना कंपनीच्या ब्रोशरवर विसंबू नका. तेच नमुने जुन्या-नव्या दोन्ही किटवर चालवून बघा. आपण साधं लॉगिनचं पान बदललं तरी रिग्रेशन टेस्टिंग करतो. इथे तर माणसाचा जीव आहे!

मामाची टेस्ट जुन्या लॅबमध्ये परत केली. 900 आला. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नव्हतं, ते मात्र कुठल्याच रिपोर्टमध्ये आलं नाही.

असो. तुमच्या घरी असा एखादा रिपोर्ट असेल, तर आज काढून बघाच. चारपैकी किती गोष्टी सापडतात?