‘झणझणीत’ कोणाच्या जिभेचें?

‘कोल्हापुरी’ म्हणजे झणझणीत, असें परगांवचे खाणावळवाले पाटीवर लिहितात, आणि आमचे कांहीं बंधु त्यांत भूषण मानितात! आम्ही म्हणतों, हा शब्द रश्शाचें वर्णन करीत नसून पिणाराच्या जिभेचें करितो. ज्या तांबड्या रश्शाच्या वाटीनें पुणेकर पाहुण्याच्या डोळ्यांस पाणी येतें, तीच आमच्या घरचीं मुलें पुन्हां मागून पितात. १९१२ सालीं स्कोव्हिल यांनीं मिरचीचा तिखटपणा मोजण्याची रीत काढिली, तीहि चाखणारांच्या जिभेवरच उभी होती. अर्क साखरपाण्यांत किती पातळ केल्यावर जळजळ नाहींशी होते, एवढेंच पाहावयाचें. मग पांढऱ्या रश्शास ‘फिका’ म्हणणाराची जीभ प्रमाण कोणीं ठरविली? त्यांतील नारळाच्या दुधाची गोडी, खसखशीचा दाटपणा नि मटणाच्या अळणी पाण्याचा कस सांगावयास त्या पाट्यांवर शब्दच नाहीं.