पायांनी ऐकायचे संगीत

स्कॉटलंडमधील 'केली' नावाच्या नृत्यमेळ्याविषयी लिहिताना मराठी माणसाला संस्कृतातील 'केलि' आठवल्यावाचून राहत नाही. ध्वनिसाम्याचा हा मोह आवरलेला बरा. गेलिक भाषेतील या शब्दाचा मूळ अर्थ भेटीला जाणे एवढाच आहे. कोणाच्या तरी घरी जमून सांगितलेल्या गोष्टी आणि म्हटलेली गाणी हे तिचे जुने रूप. आज 'केली' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते सभागृहातील समूहनृत्य आणि त्यासाठी वाजवणारा वाद्यवृंद. या वादकांच्या कलेपुढे आपली समीक्षा अडखळते, असे आमचे मत आहे.

आपण कलेचा विचार करतो तो रसिकाला समोर बसवून. 'केली'तील वादकाला असा रसिक लाभतच नाही. समोरची माणसे जोडीदाराचा हात शोधत असतात, पाऊल चुकून हसत असतात. वादन जमले की बिघडले, याची पावती त्यांच्या पावलांतून मिळते.

विसाव्या शतकात रूढ झालेल्या रचनेत दोन अकॉर्डियन, फिडल, पियानो, डबल बास आणि ड्रम असतात. (अकॉर्डियन ही आपल्या पेटीचीच नातलग, दोहोंत धातूच्या पट्ट्या हवेने कंप पावतात.) पहिला अकॉर्डियन व फिडल धून वाजवतात, दुसरा अकॉर्डियन स्वरमेळ भरतो, आणि पियानोवादक डाव्या हाताने खर्ज व उजव्या हाताने स्वरमेळ देत सगळ्यांना झोक्यावर ठेवतो. 'एटसम रील' हे चार जोड्यांचे नृत्य घ्या. त्याच्या पारंपरिक रूपात आरंभी 40 बार, शेवटी 40, आणि मध्ये आठही जणांना वर्तुळाच्या मध्यभागी प्रत्येकी 48 बार मिळतात. एकूण 464. एवढ्या लांबीत एकच धून वाजवली तर पाय जड होतील. म्हणून वादक धुना बदलतात, कधी पट्टीही बदलतात, आणि थकलेली माणसे एकाएकी उचलल्यासारखी होतात. कोणत्या धुनेनंतर कोणती घ्यावी हा निर्णय आम्हांला कवितासंग्रहाच्या संपादनाइतकाच नाजूक वाटतो. त्याची चर्चा मात्र वादक आपापसांतच करतात.

या परंपरेतले सर्वांत गाजलेले नाव जिमी शँड यांचे. फाइफमधील ईस्ट वीम्स येथे 1908 मध्ये जन्मलेला हा खाणकामगाराचा मुलगा स्वतःही खाणीत उतरला होता. पुढे त्यांच्या बटणांच्या अकॉर्डियनवरची 'ब्लूबेल पोल्का' 1955 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांच्या यादीत पोहोचली. 1999 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. निर्विकार चेहरा आणि तसूभरही न ढळणारी लय ही त्यांची ओळख. अशा वादनाला यांत्रिक म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. आम्हांला त्या स्थिर लयीत दुसऱ्याचा विचार दिसतो. वादकाने रंगात येऊन लय चढवली की पहिला फटका बसतो तो वयस्कर नर्तकाला आणि नवशिक्याला. त्यांना नाचात टिकवून धरण्यासाठी वादकाने स्वतःचा रंग आवरणे, हा आमच्या लेखी कलेचाच भाग आहे. आत्माविष्काराला अंतिम मूल्य मानणाऱ्या समीक्षेला हे कसे मोजावे ते कळत नाही.

आणि मोजताना ती बहुधा एकाच माणसाला मोजते. अठराव्या शतकातील थोर फिडलवादक नील गाउ (1727–1807) यांचे रेबर्नने काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते एकटेच आहेत. डेव्हिड अ‍ॅलनच्या हायलंडमधील लग्नाच्या चित्रात मात्र त्यांच्याजवळ भाऊ डोनाल्ड चेलो घेऊन बसलेला दिसतो. नाचणाऱ्यांना पाऊल कोठे टाकावे हे सांगणारा खर्ज त्याचा होता. आम्हांला हे दुसरे चित्र अधिक खरे वाटते.

हा प्रश्न जुन्या चित्रांपुरता नाही. आज लग्नसमारंभांत वाजवणारे कितीतरी संच दोघातिघांचेच असतात. अकॉर्डियनच्या डाव्या हाताच्या बटणांना इलेक्ट्रॉनिक खर्ज जोडता येतो. मग डबल बासवाल्याला बोलावण्याची गरज उरत नाही. खर्च वाचतो, आणि नृत्यही पार पडते. पण यंत्रातला खर्ज अकॉर्डियनवादकाच्याच बोटांचा गुलाम असतो. तो घाईत आला तर त्याला मागे ओढून धरणारा दुसरा माणूस मंचावर नसतो.